सूर जुळले... हिशोब जुळला का?

पूर येतो, भूकंप होतो आणि आठवड्याभरात शहरात मदतीसाठी गाण्याचा कार्यक्रम ठरतो. टाळ्या पडतात, फोटो निघतात, पैसेही जमतात. पुढे काय? अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेत या प्रश्नाचं एकदम साधं उत्तर ऐकायला मिळालं...

तुमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे पोस्टर कधी ना कधी येऊन गेलेलंच असणार. काळी बॅकग्राउंड, मधोमध गिटार, मागे पाण्यात बुडालेलं घर आणि खाली ठळक अक्षरांत ‘चला, एक हात मदतीचा!’ शनिवार, संध्याकाळी सात, तिकीट अमुक रुपये, कोपऱ्यात क्यूआर कोड. तुम्ही दोन अंगठे टाकता, ‘कोण कोण येतंय?’ विचारता आणि चार जणांची गँग जमते. वीकएण्ड सॉल्लिड जातो. गाणी मस्त, वर चांगलं काम केल्याचं समाधान! सोमवारी स्टेटसवर फोटो आणि मंगळवारी आपण आपल्या डेडलाइनमध्ये गुडुप.

आता खरं सांगा, त्या संध्याकाळी जमलेले पैसे कुठे गेले, हे तुम्ही कधी विचारलंत? किती जमले, हॉलला किती गेले, साउंडवाल्याला किती, आणि ज्यांच्या घरात चिखल होता त्यांच्यापर्यंत किती? नाही ना? अहो, कुणीच विचारत नाही. आणि विचारणं जरा ऑडही वाटतं. एवढं चांगलं काम करतायत बिचारे, त्यांना काय हिशोब मागायचा?

मलाही हे ऑड वाटायचं. पण संगीतातून मदतनिधी हा विषय घेऊन मी गेले काही महिने फिरतेय, वाचतेय, लोकांशी बोलतेय आणि माझं मत पक्कं झालंय. गाण्यामुळे माणसाचा हात खिशात जातो, यात शंकाच नाही. पण मदत पोहोचते ती हिशोबामुळे. आणि हा फंडा मला एखाद्या इव्हेंट मॅनेजरकडून नाही, तर टाळ वाजवणाऱ्या एका काकाजींकडून मिळाला. नांदगाव पेठेत.

हायवेवरचं गाव

नांदगाव पेठ म्हणजे अमरावतीहून नागपूरकडे निघालात की लागणारं गाव. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आताचा ५३. इथे मोठी एमआयडीसी आहे, कापडाचे कारखाने आहेत, १३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. सकाळी शिफ्टच्या बसेस, संध्याकाळी चहाच्या टपऱ्यांवर गळ्यात आयकार्ड अडकवलेली पोरं-पोरी. थोडक्यात काय, तुमच्या-माझ्यासारखेच लोक. फक्त मॉल जरा लांब!

माझी एक शाळेपासूनची मैत्रीण इथल्या एका कापड कंपनीत क्वालिटी बघते. तिचा आणि तिच्या कलीग्जचा पाच जणांचा बँड आहे. नाव अजून ठरलेलं नाही, पण भांडणं मात्र ऑलरेडी सुरू झालीत. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापुरात अतिवृष्टी झाली, पूर आला, उभी पिकं गेली. टीव्हीवर ते बघून यांनी ठरवलं की आपण एक चॅरिटी शो करायचा. ‘अगं, तू ये ना, तुला असलं सगळं माहीत असतं,’ असा फोन आला आणि मी बॅग भरली.

आपत्ती म्हणजे कुठेतरी दूरची गोष्ट, असं वऱ्हाडातल्या माणसाने म्हणूच नये. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने मोवाड हे गाव उद्ध्वस्त केलं. मोवाड नागपूर जिल्ह्यातलं, नरखेड तालुक्यातलं, पण नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. २०४ माणसं गेली. गाव पुन्हा नव्या जागी वसवावं लागलं. म्हणजे पहिल्या आठवड्यात लागतात ती ब्लँकेट्स आणि पुढे कितीतरी वर्षं लागतं ते घर. हे दोन्ही खर्च वेगवेगळे असतात, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

झाडू, गाडगं आणि खंजिरी

फंडरेजर हा शब्द आपल्याला इंग्रजी वाटतो. पण तो प्रकार या भागाच्या मातीत केव्हापासून आहे! नांदगाव पेठेच्या एका बाजूला अमरावती, जिथे गाडगेबाबांची समाधी आहे. दुसऱ्या बाजूला, याच हायवेवर पुढे, गुरुकुंज मोझरी, म्हणजे तुकडोजी महाराजांचा आश्रम. दोघेही याच जिल्ह्यातले. गाडगेबाबा १८७६ मध्ये शेंडगावला जन्मले, तर तुकडोजी महाराज १९०९ मध्ये यावलीला. आणि दोघांकडेही लोकांना गोळा करण्याचं साधन एकच, आवाज!

गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे समोरच्याला प्रश्न विचारत विचारत रंगवलेला संवाद. अंगावर चिंध्या, हातात झाडू, जेवायला फुटकं गाडगं. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनातून लोकांची डोकी. लोक पैसे द्यायचे आणि त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःसाठी मात्र काही नाही. संस्था उभी झाली की ती ट्रस्टच्या हाती सोपवायची आणि आपण पुढच्या गावाला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आजच्या भाषेत सांगायचं तर परफॉर्मर वेगळा आणि पैसे सांभाळणारा वेगळा. केवढी मोठी सिस्टिम आहे ही!

तुकडोजी महाराजांची खंजिरी तर वऱ्हाडात आजही घराघरात आहे. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. खंजिरीच्या ठेक्यावरची भजनं, सामुदायिक प्रार्थना आणि त्याला जोडून गावसफाई, श्रमदान, व्यसनमुक्ती. गाणं हे कामाचं निमंत्रण होतं. बंगालचा दुष्काळ असो, नाहीतर कोयनेचा भूकंप, संकटाच्या वेळी ते मदतीला उतरले, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आहे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. त्यानंतर दहाच महिन्यांनी, ११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या वर्षातसुद्धा राज्याच्या पार दुसऱ्या टोकाची पडलेली घरं त्यांना आपली वाटत होती.

आता गंमत बघा. खंजिरी म्हणजे एक लाकडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं आणि बाजूला छोट्या झांजा. तिला ना अॅम्प लागतो ना जनरेटर. हातात घेतली की कार्यक्रम सुरू. जमा झालेला जवळजवळ सगळा पैसा मदतीलाच जायला मोकळा. हा मुद्दा माझ्या मैत्रिणीच्या बँडला पटायला दोन दिवस लागले!

‘मंग पुढच्या साली कोन देते?’

त्या संध्याकाळी मैत्रीण मला गावातल्या एका देवळात घेऊन गेली. तिच्या घरमालकांचं भजनी मंडळ तिथे बसतं. पेटी, टाळ, तबला, दोन खंजिऱ्या. म्हातारे सात-आठ आणि कॉलेजची तीन पोरं. भजन संपल्यावर चहा आला आणि मी माझी वही काढली.

‘काकाजी, भजनातून कधी पैसे गोळा केलेत का तुम्ही? पूरग्रस्तांसाठी वगैरे?’

काकाजी हसले. ‘भजनातून पैसा नाई जमत, बाई. भजनातून माणसं जमते. माणसं जमली का मंग पैसाई जमते.’

मग त्यांनी पद्धत सांगितली. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी ते तरुण होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेची वेळ. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती नुकतेच विसर्जन केलेले. लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आता उस्मानाबादचं धाराशिव झालंय, पण काकाजींच्या तोंडी जुनंच नाव. त्या दिवसांत महाराष्ट्रभर मदतफेऱ्या निघाल्या होत्या. या मंडळींनीही चार कोपऱ्यांना चौघांनी चादर धरली, पुढे टाळ-खंजिरी आणि निघाले गल्लोगल्ली. कुणी नोटा टाकल्या, कुणी चिल्लर, तर कुणी पायलीभर ज्वारी.

‘अन् मग ते पैसे?’

‘तठीच मोजाचे. देवळाच्या ओट्यावर, सगयाइच्या डोयापुढं. दोन पोरं मोजत, एक मास्तर लिहीत. आकडा भोंग्यावर सांगाचा. अन् ज्याच्या हातून पैसा जाणार, त्याले तठीच उभं कराचं.’

‘आणि नाही सांगितला आकडा तर?’

काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं की चहात मीठ टाकलं तर काय होईल. ‘नाई सांगतला, तर मंग पुढच्या साली कोन देते बाप्पा?’

बस्स! मास कम्युनिकेशनच्या दोन वर्षांत अकाउंटॅबिलिटीवर मी जितकी लेक्चर्स ऐकली, त्या सगळ्यांचा सारांश या एका वाक्यात होता. गंमत म्हणजे त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. भजन झालं की टाळ पोत्यात भरायचे आणि वर्गणी जमली की मोजायची. दोन्ही सारखंच रुटीन.

बंगालपासून न्यूयॉर्कपर्यंत

थोडं मागे जाऊ या. १९४३ मध्ये बंगालमध्ये भयानक दुष्काळ पडला. निसर्गाने मारलं त्याहून जास्त सरकारी धोरणांनी मारलं, असं अनेक अभ्यासक मानतात. त्याच वर्षी मुंबईत इप्टा ही कलावंतांची संघटना स्थापन झाली. बिनय रॉय यांच्या नेतृत्वाखाली बंगाली गायक-कलाकारांचं पथक देशभर फिरलं, गाणी आणि नृत्यं सादर करत दुष्काळग्रस्तांसाठी निधी गोळा करत गेलं. आपल्याकडे अण्णा भाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा लिहिला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. विचार करा, मुंबईच्या गिरणगावात स्वतःच पोटाला चिमटा काढून जगणारे कामगार, आणि ते डफ-तुणतुण्याच्या साथीवर बंगालची भूक ऐकतायत! ना टीव्ही ना इंटरनेट. दूरच्या माणसाचं दुःख कानापर्यंत आणायचं काम पोवाड्याने केलं. पैसा हा त्यातला पुढचा भाग. आधी बातमी पोहोचायला हवी आणि ती गाण्यातून पोहोचली.

आता थेट न्यूयॉर्क. नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला चक्रीवादळ आलं. लाखो माणसं मेली. त्यावर १९७१ चं युद्ध आणि दडपशाही. निर्वासितांचे लोंढे भारतात आले. पंडित रविशंकर यांच्या घराण्याची मुळं त्याच मातीतली. अस्वस्थ झालेल्या पंडितजींनी आपला शिष्य आणि मित्र जॉर्ज हॅरिसन याच्याकडे विषय काढला. हो, तोच, बीटल्सवाला! आणि १ ऑगस्ट १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ झाली. एकाच दिवशी दोन शो, मिळून सुमारे ४० हजार प्रेक्षक. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. मग हॅरिसन, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार अशी सगळी तगडी मंडळी. वाद्यं नुसती जुळवून झाली तेव्हाच पब्लिकने टाळ्यांचा कडकडाट केला आणि पंडितजींनी मिश्कीलपणे त्यांना चिमटा काढला, हा किस्सा तर फेमस आहे.

तिकिटांतून जमलेले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला गेले. नंतर तीन रेकॉर्ड्सचा अल्बम आला, सिनेमा आला, अल्बमला ग्रॅमी मिळालं. खरा मोठा पैसा यातूनच येणार होता. पण इथे गाडी अडली! कार्यक्रम करण्याआधी तो युनिसेफच्या मदतीचा म्हणून करमुक्त ठरवून घेण्याची कागदपत्रं झालीच नव्हती. अमेरिकेच्या टॅक्स खात्याने हात घातला आणि लाखो डॉलर वर्षानुवर्षं अडकून पडले. १९८५ पर्यंत अंदाजे १ कोटी २० लाख डॉलर बांगलादेशसाठी पाठवले गेले, असं सांगितलं जातं. पण १९७१ च्या पावसात छावणीत चिखलात बसलेल्या आईला १९८५ चा काय उपयोग?

यात कुणाची नियत खोटी नव्हती बरं का! हॅरिसन आणि रविशंकर यांनी जे केलं ते अफलातूनच होतं. जगभरच्या लोकांना बांगलादेश हे नाव त्यांनी ऐकवलं. पुढे १३ जुलै १९८५ ला इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडन आणि फिलाडेल्फियात झालेल्या ‘लाइव्ह एड’ची वाटही त्यांनीच दाखवली. जगातल्या टॉपच्या कलाकारांचं जर कागदपत्रांवाचून अडू शकतं, तर आपल्या कॉलनीतल्या बँडचं काय, एवढंच माझं म्हणणं.

माझी रूममेट आणि सतरा साड्या

हे सगळं मला इतकं का लागतं, तेही सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा मी पुण्यात शिकत होते. माझी रूममेट कृष्णाकाठच्या एका गावची. तिच्या घरात पाणी छताला टेकलं होतं. घरची माणसं वाचली, दोन म्हशी गेल्या. ती चार दिवस फोन हातात धरून नुसती बसून होती.

त्याच सुमारास शहरात पूरग्रस्तांसाठी एक मोठा ओपन एअर शो झाला. ही पोरगी गेटवर व्हॉलंटिअर म्हणून उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर शिक्के मारत होती आणि मनात म्हणत होती, हे सगळे माझ्या गावासाठी आलेत! मैदान फुल्ल होतं. ती रडली, आम्हीही रडलो.

मग तिने आयोजकांना विचारलं, पैसे कुठल्या गावांना जाणार? उत्तर आलं, ‘प्रोसेसमध्ये आहे.’ महिन्याने विचारलं, पुन्हा ‘प्रोसेसमध्ये’. दिवाळीनंतर तिचे फोन उचलणं बंद झालं. त्यांनी पैसे खाल्ले, असं मी म्हणत नाही. कदाचित चांगल्या ठिकाणी गेलेही असतील. पण ते आम्हाला आजवर कुणी सांगितलेलं नाही. जिच्या गावाच्या नावाने तिकिटं विकली, तिलाही नाही.

दरम्यान तिच्या घरी मदत येत होती. ट्रक यायचे. तिच्या आईला एकूण सतरा साड्या मिळाल्या. बिस्किटांचे पुडे तर विचारूच नका! लागत काय होतं? घरातला गाळ उपसायला माणसं, भिजलेली कागदपत्रं नव्याने काढायला तालुक्याला खेपा आणि म्हैस घ्यायला रोख रक्कम. हे कुणी विचारलंच नव्हतं. माझी रूममेट आज बँकेत आहे, चांगल्या पगारावर. चॅरिटी शोचं पोस्टर आलं की ती ग्रुप म्यूट करते. एका न दिलेल्या हिशोबाने असा एक देणारा हात कायमचा मागे गेला. काकाजींचं वाक्य तिला अजून सांगायचंय मला.

शो मोठा की मदत मोठी?

परत नांदगाव पेठ. मैत्रिणीच्या खोलीवर बँडची मीटिंग. प्लॅन एकदम झकास होता. अमरावतीत हॉल घ्यायचा, एलईडी लायटिंग, भाड्याचा साउंड, फ्लेक्स, टी-शर्टसुद्धा! मी म्हटलं, आधी बेरीज करू.

समजा, २५० रुपयांची ३०० तिकिटं विकली. झाले ७५ हजार. आता हॉलचं भाडं, साउंड-लाइट, जनरेटर, छपाई, परवाने, व्हॉलंटिअर्सचं जेवण आणि त्या टी-शर्टांचे पैसे यातून वजा करा. ५५ हजार खर्च धरला तरी हातात उरतात २० हजार. म्हणजे २५० रुपये देणाऱ्या माणसाचे ७० रुपयेसुद्धा पूरग्रस्तांपर्यंत जात नाहीत. बाकीचे १८० त्याने स्वतःच्या करमणुकीवर खर्च केले. करमणूक वाईट नाही हो! पण मग पोस्टरवर तसं लिहा ना.

खोलीत शांतता. ड्रमर म्हणाला, ‘मग काय, भजन करायचं का?’ सगळे हसले. आणि मैत्रीण म्हणाली, ‘का नाही?’

शेवटी ठरलं ते असं. हॉल रद्द, टी-शर्ट रद्द. गावातलं मोकळं पटांगण, प्रॅक्टिसचेच अॅम्प, वेळ संध्याकाळची. तिकीट नाही, चादर. सुरुवात काकाजींच्या मंडळाची, मग बँड. त्याआधी मैत्रिणीने मराठवाड्यातल्या एका पूरग्रस्त गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावून विचारलं, सर, नक्की काय हवंय? ते म्हणाले, कपडे खूप आलेत. दप्तरं आणि वह्या वाहून गेल्यात, आणि धान्य ठेवायची कोठी भिजलीय. बास, यादी तयार!

कार्यक्रम झाला. मी जाम एन्जॉय केला. खंजिरी आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र ऐकलंय कधी? पहिल्या दोन मिनिटांत दोघांचा ठेका जमेना, पोरं घाईत आणि काकाजी निवांत. मग पोरं थांबली, काकाजींच्या मागे गेली आणि मैदान डोलायला लागलं. शिफ्ट संपवून आलेले कामगार, पोरंबाळं घेऊन आलेल्या बायका, सगळे.

पण माझ्या दृष्टीने खरा परफॉर्मन्स त्यानंतरचा. स्टेजवरच सतरंजी टाकली. कॉलेजची दोन पोरं मोजायला बसली, मैत्रीण लिहायला. क्यूआरवर आलेली रक्कम मोबाइलवरून वाचली. मग माईकवर आकडा. तो फार मोठा नव्हता, पण पैशापर्यंत बरोबर होता. मुख्याध्यापकांना फोन लावून स्पीकरवर घेतलं आणि तोच आकडा त्यांनाही सांगितला. टाळ्या झाल्या, गिटारच्या सोलोपेक्षा जास्त! तीन आठवड्यांनी दप्तरांची बिलं आणि शाळेची सही-शिक्क्याची पोच ग्रुपवर आली. आणि खाली एकाचा मेसेज, ‘पुढचा प्रोग्राम कधी?’

तुम्हीही असा शो ठरवताय? मग एवढं कराच!

● आधी गरज, मग गाणं. ज्यांना मदत करायची त्या गावातल्या शिक्षक, सरपंच, आरोग्यसेविका अशा जबाबदार माणसाशी बोला. यादी लेखी घ्या.

● परवानगी घ्या. नोंदणीकृत संस्था नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाला कळवून परवानगी घ्यावी लागते. गणपती मंडळं घेतात तीच. हे झंझट वाटत असेल तर नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्या, किंवा लोकांना थेट मुख्यमंत्री सहायता निधीत पैसे भरायला सांगा.

● दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएससारख्या संस्थेचं लायसन्स लागतं का, ते बघा. पोलिसांची परवानगीही आधीच काढा. रात्री १० नंतर लाउडस्पीकर नको.

● पैसे कुणाच्या पर्सनल खात्यावर नकोत. गाणारा वेगळा, पैसे सांभाळणारा वेगळा. तोही एकटा नको, किमान दोघे.

● पावती द्या. देणगीवर करसवलत हवी असेल तर २ हजारांहून जास्त रोख देणगी चालत नाही आणि ही सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, हे देणाऱ्याला आधीच सांगा.

● खर्च कुणीतरी स्पॉन्सर करतंय का, बघा. नसेल, तर तिकिटातले किती रुपये मदतीला जाणार ते पोस्टरवरच छापा.

● आकडा त्याच संध्याकाळी, माईकवर. पोच महिन्याच्या आत, त्याच ग्रुपवर.

आणि तुम्ही फक्त ऐकायला जाणार असाल तर? तुमचं काम त्याहून सोपं. पोस्टरखाली अंगठा टाकायच्या आधी एकच प्रश्न टाइप करा, ‘हिशोब कधी आणि कुठे सांगणार?’ चांगल्या आयोजकाला त्याचा राग येणार नाही, उलट त्याचं काम सोपं होईल. उत्तर आलं तर बिनधास्त जा, मनसोक्त नाचा आणि चादरीत दोन नोटा जास्तच टाका. उत्तर नाही आलं, तर ते पैसे थेट एखाद्या भरवशाच्या निधीत भरा आणि गाणी घरी ऐका.

पुढचा पूर कुठे येईल ते आपल्याला माहीत नाही. पण तेव्हा पोस्टर येणार, हे नक्की. त्या वेळी लोकांनी द्यावं असं वाटत असेल, तर या वेळचा हिशोब या वेळीच व्हायला हवा, नाही का?